तज्ज्ञांचा सल्ला घेऊन

आठवड्याच्या शोकाला सगळं असुकोमा गाव येऊन बसून गेलं, भाड्याच्या मांडवाचे खांब उतरायला लागले, तरी डॉक्टर सेरवाचा पत्ता नव्हता. लग्न असो, बारसं असो की मयत, सेरवा उशिरा येणार आणि दवाखान्यातल्या हिरव्या कपड्यांवरच त्या प्रसंगाचं वस्त्र गुंडाळून येणार, हे घराने केव्हाच गृहीत धरलेलं होतं. एरवी बायका ते कौतुकाने सांगायच्या. आमची सेरवा म्हणजे काय, तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. आज ते कौतुक कुणाच्या तोंडी आलं नाही.

ती आली तेव्हा आतल्या अंगणात फक्त घरची माणसं उरली होती. घरप्रमुख अजेनिम मामा त्यांच्या उंच खुर्चीत, शेजारी तिचा मोठा भाऊ ओफोसू, इस्त्रीच्या काळ्या सदऱ्यात. मागच्या भिंतीला टेकून बिरागो बसली होती. सेरवाची मावसबहीण, पण या घरात मावसबहीण वेगळी धरत नाहीत, ती थोरली बहीणच. कपाळाला जवळच्या शोकाची लाल पट्टी, खांद्यावर लाल वस्त्र, आणि नजर जमिनीवर. तिची एकुलती एक लेक अफ्रिये गेल्या आठवड्यात बाळंतपणात गेली होती. कुमासीच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, भाड्याच्या गाडीत, पोटातल्या बाळासकट.

आईने सेरवाला पाणी आणून दिलं. तिने दोन घोट घेतले, भांडं खाली ठेवलं, आणि मग मामांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"इथे सगळं क्षेम आहे. वाट चालून तू आलीस. येणं कशासाठी झालं?"

आल्या माणसाला आधी पाणी, मग हा प्रश्न. घराला आग लागलेली असली तरी यजमानाने आधी क्षेम सांगायचं आणि पाहुण्याने आपलं काम सांगायचं, मग पुढचं बोलणं. सेरवाने हे शब्द जन्मभर ऐकले होते आणि त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आज बिरागोच्या समोर 'सगळं क्षेम आहे' ऐकताना तिची नजर खाली गेली.

"अफ्रियेसाठी आले, मामा."

"बरं झालं. डॉक्टरीणबाईंना सुट्टी मिळाली म्हणायची." मामांनी कुणीतरी हसेल म्हणून थोडं थांबून पाहिलं. "तू नव्हतीस, पण घराने ठरवलंय. उद्या सकाळी रेडिओवाला येतोय. मी घराच्या वतीने बोलणार. त्या डॉक्टरचं नाव घेणार."

"कुठल्या डॉक्टरचं?"

"कुठल्या म्हणजे? तो एलोर्म. नदीपलीकडून आलेलं परकं पोर. आमची मुलगी त्याच्या दारात कळा देत होती आणि त्याने तिला हात लावला नाही. कागद हातात दिला आणि कुमासीचा रस्ता दाखवला. उद्या सगळ्या जिल्ह्याला कळू दे तो कोण आहे ते."

सेरवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एलोर्म पोरगा होता खरा. जेमतेम दोन महिने झाले होते त्याला येऊन. अफ्रिये गेली त्या दिवसापासून तो परिचारिकांच्या खोलीत दार लावून बसला होता, आणि रेडिओवर नाव गेलं की दवाखान्याच्या फाटकाशी कोण कोण हातात काय घेऊन उभं राहील, हे या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मामा, त्याच्यावर खापर फोडू नका. त्याने नियम पाळला. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असल्याशिवाय सिझर करायचं नाही, असा वरून हुकूम आहे. आपल्या दवाखान्यात तज्ज्ञ नाही. शेजारच्या तालुक्यात नाही. त्याच्या शेजारच्यातही नाही. हा नियम कुणी केला माहितीये? ज्यांच्या दवाखान्यात तीन-तीन तज्ज्ञ चहा पीत बसलेले असतात त्यांनी. गाडीच्या टपावर बोचकी बांधलेली, रस्त्याला खड्डे, आणि आत अडलेली बाई, हे त्यांनी कधी बघितलंय का? ताईच्या लेकीला नियमाने मारलं."

"हळू बोल," ओफोसू म्हणाला. "लोक अजून खुर्च्या उचलतायत."

"का हळू बोलू? तुझं मंडळ आहे म्हणून?"

ओफोसू शस्त्रक्रिया दर्जा मंडळाच्या विभागीय कचेरीत मोठा साहेब होता. हा नियम मंडळाने प्रयोग म्हणून आधी याच विभागात आणला होता, आणि त्या प्रयोगाचा अहवाल ओफोसूच्या सहीने वर गेला होता. गुरुवारी राजधानीत, आक्रात, खुली सुनावणी होती. तिथे कुणी हरकत घेतली नाही की नियम सगळ्या देशाला लागू होणार होता.

ओफोसू चिडला नाही. धाकट्या बहिणीशी बोलताना तो कधीच चिडायचा नाही, आणि सेरवाला त्याचाच लहानपणापासून राग होता.

"सेरवा, माझ्या मंडळाला शिव्या देण्याआधी एक सांग. नियम लागू झाल्यापासून असुकोमाच्या दवाखान्यात अकरा सिझर झाली. अकराही बायका चालत घरी गेल्या. प्रत्येकीच्या कागदावर तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याची नोंद आहे. संपूर्ण विभागात तुमचा दवाखाना पहिला आहे. अहवालात मी तुमचं उदाहरण दिलंय. लहान दवाखान्यालाही नियम पाळता येतो, मनात असलं तर. तज्ज्ञ हजर नसला तर फोनवरचा सल्ला चालतो. मग त्या पोराला का नाही जमलं? त्याने फोन उचलून तज्ज्ञाला का नाही विचारलं?"

"ऐकलंस?" मामा म्हणाले. "नियमात वाट होती. त्याने ती घेतली नाही. आळशी कार्टं."



ती वाट कागदावरच होती. खरी वाट सेरवाने काढली होती. नियम आल्यावर पहिली बाई अडून आली तेव्हा तिने कुमासीच्या तज्ज्ञाला चारदा फोन लावला. त्याने उचलला नाही, आणि बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके मंद व्हायला लागले. सेरवाने हात धुतले, पोट उघडलं, बाळ बाहेर काढलं, आणि नंतर कागदावर लिहिलं, 'तज्ज्ञांचा सल्ला घेऊन.' दुसऱ्या खेपेला तिने फोन लावलाच नाही. मग ते वाक्य ती सहीसारखं गिरवत गेली. ती एकटीच काय, विभागातले तिच्यासारखे सगळेच तसं करत होते. एकमेकांना भेटले की डोळे मिचकावायचे. डॉक्टरांच्या जातीची ही खोडच आहे. समोरचा रोगी वाचला की त्यांचं जग जागेवर येतं. वरच्या मूर्खांच्या नादी कोण लागणार, आपण आपलं काम करावं, असं म्हणून ते मूर्खांना पोसत राहतात, आणि वर स्वतःला साधू समजतात.

डॉक्टर संघटनेच्या बोआडूंनी तिला दोनदा फोन केला होता. सुनावणीला लहान दवाखान्यातलं माणूस हवंय, शेकडो सभासद आहेत पण येतो म्हणणारे तिघेच, त्यातले दोन निवृत्त. सेरवाने दोन्ही वेळा त्यांना झाडलं होतं. मी भाषणं करायला आक्राला येते, आणि इथे सिझर कोण करणार, तुम्ही? उत्तर झक्कास दिलं म्हणून ती दिवसभर खूश होती.

"बोल की," ओफोसू म्हणाला. "त्याने फोन का नाही केला?"

"कारण फोन कुणीच करत नाही, दादा." "ते अकरा सल्ले खोटे आहेत. कुठल्याही तज्ज्ञाने मला काही सांगितलेलं नाही. मी नियम मोडून पोटं उघडली आणि कागदावर खोटं लिहिलं. तुझा अहवाल माझ्या खोट्यावर उभा आहे."

मांडवाचा एक खांब बाहेर दाणकन पडला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

आई पहिली बोलली. "काहीतरीच काय बोलतेस. दमली आहेस तू. आधी दोन घास खाऊन घे."

"आई, मी दमले नाहीये."

"तू चूप." हे मामांनी आईला म्हटलं की सेरवाला, कळलं नाही. ते खुर्चीत पुढे सरकले होते. "म्हणजे तू सरकारी कागदावर खोटं लिहिलंस. या घरातली पहिली डॉक्टर. बाजारात मला लोक थांबवून तुझ्या तब्येतीची चौकशी करतात."

"खोटं लिहिलं म्हणून अकरा बायका जिवंत आहेत, मामा."

"मग चांगलंच केलंस," मामा झटकन म्हणाले. चाळीस वर्षं लाकडाचा धंदा केलेला माणूस, वारं कुठलं आहे ते त्यांना पटकन कळायचं. "चांगलं केलंस आणि झाकून ठेवलंस. तसंच झाकलेलं राहू दे. एलोर्मचं उद्या बघू."

"एलोर्मचं काही बघायचं नाही. गुरुवारी मी आक्राला जाते. सुनावणीत सांगते की प्रयोग यशस्वी झालेलाच नाही. आम्ही तो लपूनछपून हाणून पाडलाय, म्हणून बायका जगल्यात."

आता मात्र ओफोसू उठला. अंगणात दोन पावलं इकडे गेला, दोन तिकडे, आणि बहिणीच्या समोर येऊन उकिडवा बसला. लहानपणी तिची चप्पल बांधायला बसायचा तसा.

"सेरवा, ऐक. तू उभी राहून हे बोललीस की त्याच दिवशी तुझा परवाना गेला. माझी खुर्ची गेली ती वेगळीच, तिचं सोड. पण तू गेलीस तर असुकोमात कोण राहिलं? ते घाबरलेलं पोर. पुढची बाई अडून येईल तेव्हा तिचं पोट कोण उघडणार? मी तुला शहाणी समजतो. नियम कागदावर राहू दे, तू आपली गुपचूप करत राहा. मी कधी विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला शंका होती," ओफोसू म्हणाला. "शंका घ्यायचा मला पगार मिळत नाही."

हे ऐकून सेरवाला भावाची चीड यायला हवी होती, आणि आलीही. पण त्याहून जास्त चीड तिला याची आली की तो जे म्हणत होता तेच ती आजवर स्वतःला सांगत आली होती. तेच शब्द, तीच समजूत. मी गेले तर इथे कोण.

"दादाचं ऐक, बाळा," आई म्हणाली. "तुझे हात चांगले आहेत. देवाने हात दिलेत, तोंड कशाला चालवतेस."

"किती जणांना माहीत होतं?"

हा आवाज भिंतीकडून आला. आठवडाभरात बिरागो कुणाशी वाक्यभर बोलली नव्हती. रडायलाही ती ठरलेल्या वेळीच रडली होती. आता तिने डोकं वर केलं होतं.

"काय माहीत होतं, ताई?" सेरवाने विचारलं.

"की दवाखान्याचं दार बंद आहे. त्या अकरा जणींना माहीत होतं?"

"नाही."

"गावाला?"

"नाही."

"मला तर नव्हतंच. मी अफ्रियेला सांगितलं, काही झालं तर सरळ मावशीच्या दवाखान्यात जा, तिथे कुणी मरत नाही. सगळा बाजार हेच म्हणतो." बिरागोने लाल वस्त्र खांद्यावर ओढून घेतलं. "त्या डॉक्टरला माहीत होतं? तू कसं करतेस ते?"

"एलोर्मला नाही. तो नवा आहे. त्याला यात ओढायचं नव्हतं मला. त्याचा परवाना..."

"त्याचा परवाना," बिरागो म्हणाली.



"आणि तू कुठे होतीस?" तिनेच पुढे विचारलं.

हे बिरागोला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण तिला सेरवाच्या तोंडून हवं होतं.

"शेजारच्या तालुक्यात. तिथला डॉक्टर रजेवर होता. एक बाई अडली होती."

"वाचली?"

"वाचली. मुलगी झाली."

"कागदावर काय लिहिलंस?"

"तेच."

बिरागो उठली. ती अंगाने थोराड होती, तेचिमानच्या बाजारात सुरणाची पोती स्वतः उचलून लावायची, आणि आठवडाभर बसून राहिल्यामुळे तिचे गुडघे धड सरळ होत नव्हते. आई तिला धरायला गेली, तिने आईचा हात बाजूला केला.

"मी तुझा एवढा अभिमान धरला, सेरवा. तू जेवायला येत नाहीस, सणाला येत नाहीस, माझ्या आईच्या मयताला तू माती टाकायच्या वेळी आलीस. मी सगळ्यांना म्हणायचे, तिला बोलू नका, ती कुणाचा तरी जीव वाचवत असेल. आणि तू खरंच वाचवत होतीस. म्हणून तुला वाटलं, झालं आपलं काम. अगं, तू एका वेळी एकाच बाईपाशी उभी राहू शकतेस. बाकीच्या सगळ्यांपाशी तो नियम उभा असतो. माझ्या पोरीपाशी तू नव्हतीस, तो होता."

"ताई..."

"बोलू दे मला. तुम्ही डॉक्टर लोक. फोन आला की धावता, रक्त बघून तुमचे हात कापत नाहीत, आणि चार साहेबांसमोर खरं बोलायचं म्हटलं की तुम्हाला वेळ नसतो. पहिल्या बाईनंतर तू ओरडली असतीस तर? चल, पहिल्या नाही, पाचव्या. तू गप्प राहिलीस, तुझे सोबती गप्प राहिले, आणि तुमच्या गप्प राहण्याचा याने अहवाल केला." तिने ओफोसूकडे बोटही दाखवलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "आता तो देशभर जाणार. किती आया अशा भिंतीला टेकून बसणार आहेत, सांग ना. तू हुशार आहेस."

आई जाऊन बिरागोच्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळापूर्वी ती ओफोसूच्या बाजूला होती, आता तिने त्याच्याकडे पाठ केली.

"बिरागो," मामा म्हणाले, "घराचा निर्णय घरप्रमुख घेतो."

"घ्या की. पण माझ्या लेकीचं नाव रेडिओवर कोण घेणार ते मी ठरवणार. तिला मी जन्म दिलाय. उद्या तो माणूस आला तर त्याला पाणी द्या, विचारा कशाला आलास, आणि परत पाठवा. त्या पोराचं नाव या घरातून बाहेर जाणार नाही."

मामांनी तोंड वाकडं केलं. पण लेक गमावलेल्या आईच्या शब्दावर शब्द टाकणं या अंगणात कुणाला शोभलं नसतं, आणि शोभा मामांना फार प्रिय होती. ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी काठीच्या मुठीकडे बघायला सुरुवात केली.

सेरवाने फोन काढला. बोआडूंनी लगेच उचलला, मागे कुठल्या तरी वॉर्डातला गोंगाट चालला होता. त्यांनाही रोगी होतेच.

"डॉक्टर सेरवा? तुम्हाला तर वेळ नव्हता."

"अजूनही नाही. गुरुवारी माझं नाव लिहा."

"नक्की ना? मंडळवाले तुम्हाला सोलून काढतील. तुमच्याच दवाखान्याचे आकडे तोंडावर फेकतील."

"आकडे माझेच आहेत. मीच फेकते. आणि बोआडू, विभागातल्या सगळ्यांना फोन करा. ज्यांनी ज्यांनी ते वाक्य लिहिलंय त्या सगळ्यांना. एकटीचा परवाना काढणं सोपं आहे. सगळ्यांचा काढायचा म्हटलं तर दवाखाने कोण चालवणार?"

"येतील का ते?" बोआडूंनी विचारलं.

"म्हणतील वेळ नाही. मी त्यांच्याशी बोलते. त्यांची सगळी उत्तरं मला पाठ आहेत."

ओफोसूने हे ऐकलं, खिशातला फोन चाचपला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. तो मंडळात कुणाला फोन करणार हे सेरवाला कळलं. तिने त्याला थांबवलं नाही.

तिला वाटलं, आता बिरागो काहीतरी मऊ बोलेल. हात धरेल, निदान रडेल. बिरागो तशीच समोर उभी होती.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करेन की नाही, मला माहीत नाही. काय बोलणार आहेस तिथे?"

"तयारी करते. दोन दिवस आहेत."

"इथे बोल. मला ऐकू दे आधी."

सेरवा उभी राहिली. समोर मामा होते, आई होती, उलट्या करून रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तिने घसा साफ केला.

"सन्माननीय सदस्यहो, सदर नियमामुळे ग्रामीण भागातील प्रसूती रुग्णांच्या..."

"कोण रुग्ण?" बिरागो म्हणाली.

सेरवाने पुन्हा सुरुवात केली. "लहान दवाखान्यांतल्या माता..."

"तिला नाव आहे."

आठवडाभर तिने ते नाव एकदाही पुरतं उच्चारलं नव्हतं. वॉर्डात ती 'ती केस' म्हणत होती, आणि घरी 'ताईची लेक'. आज दारातून आत आल्यावर मामांपुढे ती ते एकदा बोलली होती, रीत म्हणून, खाली बघून. आता तिने खाली बघितलं नाही.

"मी डॉक्टर सेरवा. मी कागदावर बारा वेळा खोटं लिहिलं. बारावं खोटं मी लिहीत होते तेव्हा माझ्या दवाखान्याच्या दारात माझी भाची उभी होती. तिचं नाव अफ्रिये. ती बावीस वर्षांची होती. तिने आत येऊन माझी चौकशी केली, आणि तिथे कुणीच..."

आईने तोंडाला पदर लावला होता. मामांनी डोळे मिटून घेतले होते. सेरवाने बहिणीकडे बघितलं, पुरे म्हणेल म्हणून.

"पुढे," बिरागो म्हणाली.